थेंबाचा हिशेब

संत्रं सोललं की साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीसमोर पिळायची. चुरचुर करत ठिणग्या उडतात. तोच फवारा भावंडाच्या डोळ्यांत गेला की घरात रडारड. फुगलेल्या फुग्यावर सालीचं ओलं बोट घासलं तर फुगा फट्कन फुटतो. संत्र्यांच्या दिवसांत वाढलेल्या पोरांना हे तिन्ही खेळ पाठ असतात, आणि इसेन्शियल ऑइल म्हणजे काय याचा पहिला धडा त्यांनी तिथेच गिरवलेला असतो. सालीवरच्या बारीक पुटकुळ्यांत साठलेलं ते तेल पेटतं, डोळ्याला झोंबतं, रबर खातं आणि हातावर चिकटपणा न ठेवता उडून जातं. थर्मोकोलवर त्याचे दोन-तीन थेंब टाकले तर तिथे खड्डा पडतो. हे झालं एका सालीचं. दुकानातल्या १० मिलीच्या बाटलीत काही किलो संत्र्यांच्या साली मावलेल्या असतात.

घोळ सुरू होतो तो 'तेल' या शब्दापासून. तेल म्हटलं की आपल्याला खोबरेल आठवतं, तिळाचं आठवतं. तळहाताचा खळगा भरून घ्यायचं, डोक्यावर थापायचं, बाळाला चोळायचं. या तेलांशी इसेन्शियल ऑइलचं रासायनिक नातं जवळजवळ नाहीच. खोबरेल म्हणजे स्निग्ध पदार्थ. इसेन्शियल ऑइल म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या शेकडो सुगंधी द्रव्यांचं मिश्रण. पाण्यात मिसळत नाही म्हणून त्याला तेल म्हणायचं, इतकंच. पण नावामुळे हात सैल सुटतो, आणि थेंबाच्या जागी चमचा येतो.

त्यात आणखी एक जुळं भावंड त्याच फळीवर येऊन बसलं आहे: फ्लॉवर इसेन्स, म्हणजे एडवर्ड बाख या इंग्रज डॉक्टरची फुलांची औषधं. तीच तपकिरी काच, तसाच ड्रॉपर, लेबलवर तसंच फुलाचं चित्र. मराठीत बोलताना दोन्हींना बिनदिक्कत 'फुलांचा अर्क' म्हटलं जातं. एका बाटलीत वनस्पतीतलं रसायन ठासून भरलेलं आहे, दुसरीत ते शोधूनही सापडणार नाही. 'चार थेंब जिभेखाली' हा सल्ला दुसऱ्या बाटलीचा. तो ऐकून कुणी पहिल्या बाटलीतले चार थेंब जिभेखाली घेतले तर तोंडाची आग होते, आणि बाटली दालचिनीची किंवा ओव्याची असेल तर तोंड आतून सोलून निघतं. म्हणून हातातली बाटली नक्की कोणती, हे आधी पाहायचं. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठल्या भागापासून आणि कुठल्या पद्धतीने काढलं, बॅच क्रमांक आणि तारीख असेल तर ते इसेन्शियल ऑइल असण्याची शक्यता बरी. नुसतं 'लॅव्हेंडर फ्रॅग्रन्स' लिहिलं असेल तर तो वास कारखान्यातला. तो खोलीत दरवळायला चालेल, त्वचेसाठी नाही. आणि ब्रँडी किंवा अल्कोहोलचं प्रमाण लिहिलं असेल तर ती बाखची बाटली.

अस्सलपणाची एक घरगुती पारख आहे. टीपकागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. संत्रं, निलगिरी, लॅव्हेंडर यांचा डाग उरत नाही. तेलकट वर्तुळ राहिलं तर आत गोडं तेल किंवा पॅराफिन आहे. वाळा आणि चंदनाला ही परीक्षा लावू नये, ती जड तेलं आहेत, सावकाश उडतात. शिवाय भेसळ करणाराही शहाणा असतो. लॅव्हेंडरमध्ये त्याच्याच वासाचं लिनालूल हे द्रव्य कारखान्यात बनवून मिसळलं तर टीपकागद गप्पच बसतो. ते फक्त प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या चाचणीत, पकडता येतं. ही भेसळ आजची नव्हे. १९व्या शतकात खानदेशच्या डोंगरांतल्या रोशा गवताचं तेल मुंबईहून तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिथे बल्गेरियाच्या महागड्या गुलाबतेलात बेमालूम मिसळलं जायचं, कारण दोन्हींत जिरॅनिऑल हे एकच सुगंधी द्रव्य भरपूर आहे. युरोपच्या बाजारात आपल्या गवताचं नाव पडलं 'तुर्की जिरॅनियम'!

किंमत हीसुद्धा एक पारख आहे. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. मोगऱ्यासारख्या नाजूक फुलांचा वास वाफेच्या उष्णतेत नीट टिकत नाही, म्हणून तो बहुधा हेक्झेनसारख्या द्रावकाने काढतात आणि त्याला 'अॅब्सोल्यूट' म्हणतात. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तारी मात्र तांब्याच्या डेगेत फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात आणि बांबूच्या चोंग्यातून वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती जमवणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवतात. ते अत्तर. त्यात चंदन मुळातच असतं, ती भेसळ नव्हे. पण चंदन महागल्यापासून भपक्यात पॅराफिनही दिसू लागलं आहे. थोडक्यात, शंभर रुपयांत 'शुद्ध मोगरा इसेन्शियल ऑइल' मिळत असेल तर त्यात मोगरा सोडून काहीही असू शकतं.

आता हिशेब. अंगाला लावायचं तर इसेन्शियल ऑइल गोड्या तेलात विरळ करूनच. पातळ तेलाचे १ मिलीत साधारण २० थेंब धरतात. म्हणजे ३० मिली गोड्या तेलात, चहाचे सहा सपाट चमचे, ६०० थेंब. त्यात ६ थेंब इसेन्शियल ऑइल घातलं की १ टक्का झाला, १२ घातले की २ टक्के. चेहऱ्यासाठी अर्धा ते एक टक्का पुरे. धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगाला दोन टक्के. मान किंवा पोटरी अशा छोट्या जागी, चार-आठ दिवसांपुरतं, तीन टक्क्यांपर्यंत. हे आकडे लॅव्हेंडरसारख्या सौम्य तेलांचे. लवंगेला वेगळा न्याय: ३० मिलीत ३ थेंब, त्यापुढे नाही, कारण तिच्यातलं युजेनॉल त्वचेला पोळतं. गवती चहाच्या तेलाचे ४ थेंब. दालचिनीच्या सालीचं तेल त्वचेला लावूच नये. ड्रॉपरचं तोंड रुंद असेल किंवा तेल दाट असेल तर थेंब मोठा पडतो आणि गणित चुकतं. विकण्यासाठी करणाऱ्यांनी म्हणून थेंब न मोजता ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करावं.

गोडं तेल कुठलं घ्यायचं यात फार गूढ नाही. तीळ, बदाम, खोबरेल, जे अंगाला मानवतं ते. खोबरेल थंडीत थिजतं एवढं लक्षात ठेवायचं. थिजलेल्या तेलावर थेंब टाकले तर ते वरच राहतात आणि पहिल्या बोटाला सगळा जाळ येतो. आधी कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ करा, मग थेंब घाला, हलवा, बाटलीवर तारीख आणि प्रमाण लिहा. मिश्रणाचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहा. चोवीस तासांत काही झालं नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, ॲलर्जीची खाज पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उठते.

'लॅव्हेंडर आणि टी ट्री (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल) थेट लावलं तरी चालतं' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्याच्या मुळाशी रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनज्ञाची कथा आहे. १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे हात भाजले. लोकप्रिय कथेत तो धावत जाऊन हात लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवतो आणि हात बरे होतात. त्याने स्वतः लिहिलेलं पिंपाविना आहे: जखमा चिघळू लागल्यावर त्याने त्या लॅव्हेंडरच्या तेलाने धुतल्या. 'अरोमाथेरपी' हा शब्दही त्याचाच. पण त्या काळी प्रतिजैविकं नव्हती, आज भाजल्यावर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धरणं हाच पहिला उपाय. विरळ न करता रोज लावलेलं तेल महिनोन्‌महिने सोसतं आणि मग एके दिवशी त्वचा बंड करते. एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्याची सोबतीण होते. पुढे त्याच वासाचा साबणही चालत नाही. शिळं तेल यात भर घालतं. हवा लागली की संत्र्या-लिंबातलं लिमोनीन आणि लॅव्हेंडरमधलं लिनालूल यांचं ऑक्सिडीकरण होतं आणि मूळ द्रव्यापेक्षा ही शिळी द्रव्यं कितीतरी जास्त ॲलर्जी करतात. म्हणून संत्रं-लिंबू वर्गाची तेलं उघडल्यापासून वर्षभरात संपवायची, फ्रिजमध्ये ठेवायची आणि बाटली अर्ध्यावर आली की छोट्या बाटलीत ओतायची, म्हणजे आत हवा कमी राहते. रबरी फुग्याचा ड्रॉपर बाटलीत कायमचा ठेवू नये. संत्र्याच्या सालीने फुग्याचं काय केलं ते आठवा.

उन्हाचा मामला वेगळा. बर्गामॉट, म्हणजे अर्ल ग्रे चहाला ज्याचा वास असतो ते फळ, त्याच्या तेलात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. ३० मिलीत बर्गामॉटचे २ थेंब ही मर्यादा. आपल्या कागदी लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलाचे ४. त्याहून जास्त लावलं असेल तर बारा तास तरी तो भाग उन्हात नेऊ नये. गंमत अशी की तेच लिंबू वाफेने ऊर्ध्वपातन करून काढलं तर हा दोष राहत नाही, कारण ते जड रेणू वाफेबरोबर वर येत नाहीत. गोड संत्र्याच्या तेलालाही हा दोष नाही. म्हणून लेबलवरची पद्धत वाचायची.

आंघोळीच्या बादलीत थेंब टाकणं ही हमखास होणारी चूक. तेल पाण्यात विरघळत नाही, तवंग होऊन वर तरंगतं, आणि तांब्याबरोबर ते नेमकं नाजूक जागी चिकटतं. पुदिन्याच्या तेलाने ही चूक ज्याने केली तो ती दुसऱ्यांदा करत नाही. चमचाभर बिनवासाच्या शाम्पूत चार थेंब कालवून मग पाण्यात घालावेत. आग झालीच तर पाणी ओतून उपयोग नाही. आधी खोबरेल चोळून कापडाने पुसा, मग साबण लावा. डोळ्यात गेलं तर मात्र लगेच भरपूर पाणी, पंधरा-वीस मिनिटं, आणि त्यानंतर डोळ्यांचे डॉक्टर. तेलाचा वास हवेत सोडणाऱ्या डिफ्यूझरला १०० मिली पाण्यात तीन ते पाच थेंब पुरतात. अर्धा तास चालवायचा, अर्धा तास बंद, दार किंचित उघडं. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला विचारल्याशिवाय नको. मांजर असेल तर टी ट्री घराबाहेरच ठेवा. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं निकामी करायला लागणारं एक विकर (एन्झाइम) अपुरं पडतं, आणि अंगावर पडलेलं तेल ते चाटून पोटात घेतं.

सर्वांत जपायचं ते लहान मुलांना, आणि तिथे तर परंपराच आडवी येते. सर्दी झालेल्या बाळाच्या उशाशी कापराची पोटली, छातीला कापूर घातलेलं कोमट खोबरेल, रुमालावर निलगिरी, उगाळलेलं वेखंड. यातलं प्रत्येक द्रव्य काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं आणि आजीच्या हातचं असतं, म्हणून त्याचा धाक वाटत नाही. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर काही मिनिटांत ते तासाभरात झटके येऊ शकतात. एवढ्याशा पोराला एक ग्रॅमही जिवावर बेतू शकतो, आणि पूजेच्या एक-दोन वड्यांत सहज मावेल एवढंच हे वजन. कापूर त्वचेतूनही शोषला जातो. अमेरिकेत लावायच्या औषधात कापराची कमाल मर्यादा ११ टक्के आहे, आणि तसे मलमही दोन वर्षांखालच्या मुलांना लावायचं नसतं. घरच्या वाटीत किती टक्के झाले हे कुणी मोजतं? निलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेलं तर मूल गुंगीत जातं. दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी तर मोठ्या माणसांतही निलगिरी आणि कापूर असलेले बाम, तेलं, वाफारे आणि झटके यांचा संबंध नोंदवला आहे. फेफऱ्याचा त्रास असलेल्या घरात ही दोन नको. वेखंडात बीटा-असारोन असतं. कर्करोगाच्या शंकेने अमेरिकेने १९६८ साली ते अन्नपदार्थांतून हद्दपार केलं. आणि कापूर समजून डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नका. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळाला त्यांच्या नुसत्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

अमृतधारेची बाटली त्यातलीच. ओव्याचं फूल (थायमॉल), पुदिन्याचं फूल (मेंथॉल) आणि कापूर समभाग एकत्र ठेवले की तिन्ही स्फटिक बघता बघता पाणी होतात, वर एक थेंबही काही घालावं लागत नाही. तिघांचा एकत्र वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्या खाली घसरतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. दिसायला जादू आहे. पण तयार होतं ते शंभर टक्के तीव्र द्रव्य, त्यात कुठलंही गोडं तेल नाही, आणि त्यातला एक तृतीयांश तोच कापूर. मोठ्यांनी थेंबभर रुमालावर घेऊन हुंगावं. बाळाच्या नाकाला, जिभेला, बेंबीला कधीही नाही. मेंथॉलच्या उग्र वासाने तान्ह्याचा श्वास अडकू शकतो.

वाफाऱ्याचंही असंच. लहान मुलांना वाफेच्या पातेल्यापाशी बसवण्यात औषधाचा धोका नंतरचा, उकळत्या पाण्याने भाजण्याचा आधीचा. मोठ्यांनी घ्यायचा तर पातेलं गॅसवरून उतरवून टेबलावर ठेवा, दोन मिनिटं थांबा, निलगिरीचा एकच थेंब, डोळे मिटून, पाच मिनिटं.

गुडघेदुखीच्या तेलांत गंधपुरा असतो. त्यात जवळजवळ सगळं मिथिल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनचं सख्खं भावंड. एक चमचा, म्हणजे ५ मिली, पोटात गेला तर वीसहून जास्त ॲस्पिरिनच्या गोळ्यांएवढा भार होतो. रक्त पातळ करण्याची वॉरफॅरिनसारखी गोळी घेणाऱ्या आजोबांना हे तेल रोज गुडघ्यांना चोळलं तरी रक्तस्राव वाढू शकतो. त्यांच्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी सांगताना तेलाचं नाव कुणी सांगत नाही. गरोदरपणात तेलांचे प्रयोग करू नयेत.

कुणी तेल प्यायलंच तर उलटी करवायची नाही. पातळ तेल वर येताना फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया करतं. तोंड पुसा, बाटली बरोबर घ्या, किती उरलं आहे ते पाहून ठेवा आणि रुग्णालय गाठा. वाटेत दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राला १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर फोन करता येतो.

आता दुसरी बाटली. एडवर्ड बाख हा इंग्लंडमधला डॉक्टर, जन्म १८८६, मृत्यू १९३६. होमिओपॅथीच्या रुग्णालयात जंतुशास्त्राचं काम केलेला. शेवटच्या काही वर्षांत त्याने ३८ औषधं ठरवली, प्रत्येक एका मनोवस्थेसाठी. त्यातलं 'रॉक वॉटर' तर फूलच नाही, झऱ्याचं पाणी. वीस औषधांसाठी काचेच्या भांड्यात झऱ्याचं पाणी घेऊन त्यावर फुलं पसरायची आणि तीन तास उन्हात ठेवायची. उरलेल्यांसाठी फुलं-डहाळ्या अर्धा तास उकळायच्या. गाळलेल्या पाण्यात तितकीच ब्रँडी घातली की मूळ द्रव झाला. त्याचे २ थेंब ३० मिली ब्रँडीत टाकले की दुकानात मिळते ती बाटली. तिचे २ थेंब ३० मिली पाण्यात, आणि त्याचे ४ थेंब दिवसातून चार वेळा. गुणाकार करा: फुलांच्या पाण्याचा साधारण १ लाख ८० हजारावा भाग. वासही उरत नाही. म्हणूनच जिभेखाली चार थेंब चालतात. आणि म्हणूनच नियंत्रित चाचण्यांच्या आढाव्यांत ही औषधं नुसत्या पाण्याच्या खोट्या औषधापेक्षा सरस ठरलेली नाहीत. कुणाला त्यांनी बरं वाटत असेल तर वाटू द्यावं, रोज चार वेळा थांबून 'आज मला कशाची भीती वाटतेय' असं स्वतःला विचारणं वाईट नाही. पण नैराश्याच्या, फिट्सच्या गोळ्या थांबवून त्या जागी ही बाटली आली तर तिथे खरा धोका आहे.

दुसरा धोका ब्रँडीचा. दुकानातल्या बाटलीत पाव भागाच्या आसपास अल्कोहोल असतं. थेंबांत ते नगण्य, पण दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याने थेंबही घेऊ नये. ग्लिसरीनमध्ये केलेली औषधं मिळतात. घरी पाण्यात केलेली बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडेच टिकते. गढूळ दिसली की ओतून द्या.

आणि बाखची कृती वाचून अंगणातल्या फुलांवर प्रयोग करण्याची हौस येते तिला आवर घालावा. बाखने निवडलेली बहुतेक फुलं इंग्लंडच्या रानातली. आपल्या कुंपणावर कण्हेर आहे, बिट्टी आहे, धोतरा आहे, श्रावणात कळलावी फुलते. ही सगळी विषारी आहेत, आणि तीन तास पाण्यात पडलेल्या फुलाचं विष पाण्यात उतरतं. उरलेल्या फुलांचाही भरवसा नाही, हारवाल्याकडच्या गुलाबावर आणि शेवंतीवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असते. त्यात आपल्या उन्हात कोमट झालेलं पाणी जंतूंना पोसतंच.

दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा. तेलांच्या झाकणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका पुरतो, आणि ते कपाट मुलांच्या हातापलीकडे, देवघराच्या निरांजनापासून लांब हवं. वर्ष उलटून गेलेलं संत्र्याचं तेल अंगाला लावू नका, पण टाकूही नका. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, लोणच्याच्या जुन्या बरणीवर राहिलेला लेबलचा चिकटा त्याने पुसा. पाच मिनिटांत निघतो. बरणी काचेची असू द्या, प्लॅस्टिकची असेल तर लेबलबरोबर तिची चकाकीही जाईल.